दोन कुंतलांतील अन्योन्य प्रवर्तकत्व : दोन्ही बाजूंनी आकडा एकच का येतो?

पांझराकाठ (धुळे)

नमस्कार. मी कनिष्ठ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवतो. बारावीच्या वर्गात अन्योन्य प्रवर्तनाचा, म्हणजे एका कॉइलमधील बदलत्या प्रवाहामुळे दुसऱ्या कॉइलमध्ये व्होल्टेज निर्माण होण्याचा, भाग चालू असताना एका विद्यार्थ्याने विचारलेला प्रश्न मला इथे सविस्तर मांडायचा आहे, कारण त्याचे उत्तर मी फळ्यावर एका ओळीत दिले आणि ते त्याला पटले नाही हे त्याच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट दिसले. त्याच्या वडिलांचे मोटार वाइंडिंगचे दुकान आहे, त्यामुळे कॉइल ही वस्तू त्याने पुस्तकाआधी हातात घेतलेली आहे. त्याचे म्हणणे असे होते : मोठ्या कॉइलच्या मध्यभागी छोटी कॉइल ठेवली, तर मोठीचे चुंबकीय क्षेत्र छोटीच्या तोंडातून सरळ आरपार जाते. पण छोटीत प्रवाह सोडला, तर तिच्या बलरेषा बाहेर पडून लगेच वळतात आणि त्यांतल्या बहुतेक मोठीच्या वर्तुळाच्या आतूनच परत येतात, म्हणजे गेलेला आणि आलेला फ्लक्स (तोंडातून जाणाऱ्या बलरेषांचे माप) एकमेकांना खाऊन टाकतात. मग मोठीचा छोटीवर होणारा परिणाम आणि छोटीचा मोठीवर होणारा परिणाम सारखाच कसा?

प्रश्न अगदी बरोबर आहे. आधी व्याख्या सांगतो. पहिल्या कुंतलात, म्हणजे कॉइलमध्ये, एक अँपिअर प्रवाह असताना दुसऱ्या कुंतलाच्या सर्व वेढ्यांतून मिळून जितका फ्लक्स जातो, तितके त्या जोडीचे अन्योन्य प्रवर्तकत्व. त्याचे एकक हेन्री. पहिल्यातील प्रवाह सेकंदाला एक अँपिअर या दराने बदलत असेल आणि दुसऱ्यात एक व्होल्ट प्रवर्तित होत असेल, तर ते प्रवर्तकत्व एक हेन्री.

आता त्या मुलाचेच उदाहरण आकड्यांत घेऊ. मोठ्या कड्याची त्रिज्या ५० सेंमी, छोट्याची १ सेंमी, दोन्हींना एकेकच वेढा, केंद्र एक आणि प्रतल एक. मोठ्यातून एक अँपिअर सोडला की केंद्रापाशी क्षेत्र सुमारे १.२६ मायक्रोटेस्ला येते, आणि छोटे कडे इतके लहान आहे की त्याच्या संपूर्ण तोंडावर ते एकसारखे मानता येते. त्याला छोट्याच्या क्षेत्रफळाने गुणले की सुमारे ०.४ नॅनोहेन्री मिळतात आणि हिशेब दोन ओळींत संपतो. उलट बाजूने तोच हिशेब करायचा, तर छोट्या कड्याचे क्षेत्र मोठ्याच्या सबंध प्रतलावर ठिकठिकाणी वेगळे आहे, केंद्राजवळ एका दिशेचे आणि छोट्या कड्याच्या बाहेर पाऊल टाकताच उलट दिशेचे. हा सगळा जमाखर्च काळजीपूर्वक मांडला की शिल्लक बरोबर तितकीच उरते, ०.४ नॅनोहेन्री. म्हणजे मुलाने सांगितलेली वजाबाकी खरोखरच घडते. मात्र छोट्या कड्याच्या आतले क्षेत्र मोठ्याने तिथे निर्माण केलेल्या क्षेत्राच्या पन्नास पट तीव्र असते, म्हणून वजाबाकी होऊनही दोन्ही आकडे जुळतात.

पण जुळतात हे दाखवणे वेगळे आणि का जुळलेच पाहिजेत हे सांगणे वेगळे. माझ्या मते सर्वांत खात्रीचे कारण ऊर्जेच्या हिशेबात आहे. पहिल्या कुंतलातील प्रवाह शून्यापासून हळूहळू वाढवत ठरलेल्या मूल्यापर्यंत न्या; त्यासाठी त्याच्या स्वयंप्रवर्तकत्वापुरते (स्वतःच्याच फ्लक्समुळे येणाऱ्या प्रवर्तकत्वापुरते) काम करावे लागते. मग तो प्रवाह स्थिर ठेवून दुसऱ्या कुंतलातील प्रवाह वाढवत न्या. हे करताना दुसऱ्याचे स्वतःचे काम तर लागतेच, शिवाय दुसऱ्याचा वाढता फ्लक्स पहिल्यात दाब (व्होल्टेज) निर्माण करतो, आणि त्या दाबासमोर पहिल्याचा प्रवाह ढळू न देण्यासाठी पहिल्याच्या बॅटरीला जास्तीचे काम करावे लागते. हे जास्तीचे काम म्हणजे दोन्ही प्रवाहांचा गुणाकार गुणिले ‘दुसऱ्याचा पहिल्यावर’ होणारा परिणाम. आता क्रम उलटा करा, आधी दुसरा आणि मग पहिला. या वेळी जास्तीच्या कामात ‘पहिल्याचा दुसऱ्यावर’ होणारा परिणाम येतो. शेवटची स्थिती दोन्ही वेळा तीच आहे : तीच दोन कुंतले, तेच दोन प्रवाह, तेच क्षेत्र. साठलेली ऊर्जा वेगवेगळी असती, तर कमी खर्चाच्या वाटेने चढून जास्त परताव्याच्या वाटेने उतरता आले असते आणि प्रत्येक फेरीत फुकट ऊर्जा पदरात पडली असती. तसे होत नाही, म्हणून दोन्ही परिणाम समानच असले पाहिजेत.

दुकानात रोज कॉइल भरणाऱ्यांनी आणि वीज कंपनीत काम केलेल्यांनी यात भर घालावी, ही विनंती.

तारेचा_कारागीर (चोपडा)

सर, तुमच्या विद्यार्थ्याचा प्रश्न वाचून आनंद झाला. मी पंचवीस वर्षे शेतीपंपांच्या मोटारी भरतो. ‘अन्योन्य प्रवर्तकत्व’ हा शब्द आमच्या टेबलावर कोणी उच्चारत नाही, पण त्याच्यावर आमची एक परीक्षा उभी आहे, ती सांगतो.

थ्री फेज मोटारीच्या वाइंडिंगची सहा टोके बाहेर येतात, प्रत्येक फेजचा एक स्टार्ट आणि एक एंड. शेतकरी मोटार आणतो तेव्हा पुष्कळदा टोकांवरच्या खुणा गेलेल्या असतात. कोणती दोन टोके एका फेजची हे टेस्ट लॅम्पने लगेच कळते, परंतु त्यांतला स्टार्ट कोणता आणि एंड कोणता हे लॅम्प सांगत नाही. एक फेज उलटी जोडली गेली, तर मोटार गुरगुरते, जोर धरत नाही, अतोनात अँपिअर ओढते आणि थोड्या वेळात वार्निशचा वास सुटतो.

म्हणून आम्ही दोन फेज एकापुढे एक जोडून त्यांना ट्रान्सफॉर्मरवरून चोवीस-तीस व्होल्टचा एसी देतो आणि तिसऱ्या फेजच्या टोकांवर मीटर लावतो. मीटरने ठळक व्होल्टेज दाखवले, तर पहिल्या फेजचा एंड दुसऱ्याच्या स्टार्टला जोडला गेलेला आहे. मीटर जवळपास शून्यावर राहिले, तर एंडला एंड किंवा स्टार्टला स्टार्ट जोडला गेला आहे. मग खूण करायची आणि तिसरी फेज बदलून पुन्हा तेच करायचे. हे माझ्या उस्तादांनी मला शिकवले आणि मी माझ्या मुलाला शिकवले. शून्य का येते, हे मात्र आम्ही कोणी कोणाला सांगितले नाही. सर, ते तुम्ही सांगावे.

शहाद्याची_विद्यार्थिनी (शहादा)

सर, मी अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षात आहे. माझ्या दोन शंका आहेत. काही गणितांत अन्योन्य प्रवर्तकत्व ऋण घेतात. प्रवर्तकत्व ऋण असणे म्हणजे नेमके काय? आणि प्रवाह वाढवला की प्रवर्तकत्वही वाढते का? आमच्या वर्गात यावर दोन मते पडली.

पांझराकाठ (धुळे)

भाऊ, तुमच्या परीक्षेतच विद्यार्थिनीच्या पहिल्या शंकेचे उत्तर आहे, म्हणून दोन्ही एकत्र घेतो.

थ्री फेज मोटारीतील तीन वाइंडिंगांचे अक्ष एकमेकांशी १२० अंशांचा कोन करतात. एंडला स्टार्ट जोडून पहिली आणि दुसरी फेज एकाच प्रवाहाने भरली, तर त्या दोघींचे मिळून होणारे क्षेत्र त्यांच्या बरोबर मधोमध, म्हणजे ६० अंशांवर येते आणि ती रेषा तिसऱ्या फेजच्या अक्षाच्या नेमकी समोर पडते. म्हणून तिसऱ्या फेजमधून भरपूर फ्लक्स जातो आणि मीटर बोलते. दुसरी फेज उलटी जोडली, की तिचे क्षेत्र उलटते आणि बेरजेची रेषा तिसऱ्या फेजच्या अक्षाशी काटकोन करते. काटकोनात असलेल्या वाइंडिंगच्या तोंडातून फ्लक्स जातच नाही, तो तिच्या प्रतलाला समांतर सरकतो. म्हणजे ती जोडी आणि तिसरी फेज यांचे अन्योन्य प्रवर्तकत्व शून्य आहे. आपण पंचवीस वर्षे शून्य प्रवर्तकत्व मीटरवर वाचत आला आहात.

आता चिन्हाविषयी. एकाच मोटारीतील दोन फेज स्टार्टकडून एंडकडे असे पाहिले, तर त्यांचे अन्योन्य प्रवर्तकत्व ऋण येते, कारण १२० अंशांची कोज्या (कोसाइन) उणे अर्धा आहे. एका फेजचे टोक बदलून तिच्या एंडलाच स्टार्ट म्हटले, की तोच आकडा धन होतो. लोखंड, तार, अंतर यांत काहीही बदललेले नसते. बदलते ते फक्त आपण ‘सुरुवात’ कोणत्या टोकाला म्हटले ते. आकृतीत कुंतलाच्या एका टोकाशी जो ठिपका काढतात, त्याचा अर्थ इतकाच आहे.

दुसरी शंका. गाभा हवेचा असेल तर प्रवर्तकत्वाचा प्रवाहाशी काहीही संबंध नाही. प्रवाह दुप्पट केला की फ्लक्सही दुप्पट होतो आणि त्यांचे गुणोत्तर जागच्या जागी राहते. प्रवाह शून्य असतानाही ते असतेच, जसे रिकाम्या हंड्याचे माप पाणी नसतानाही ठरलेले असते. लोखंडी गाभ्यात मात्र प्रवाह फार वाढला की लोखंड संपृक्त होते, पुढच्या प्रत्येक अँपिअरला फ्लक्स कमी मिळतो आणि प्रवर्तकत्व घटते. मी वर दिलेला ऊर्जेचा युक्तिवादही लोखंड या मर्यादेच्या आत आहे तोवरच सरळ लागू होतो.

हे केवळ रचनेवर अवलंबून आहे, हे सर्वांत नेटके दाखवणारे सूत्र फ्रान्झ नॉयमन यांनी १८४५ मध्ये मांडले. पहिल्या कुंतलाच्या तारेचा एक बारीक तुकडा घ्या, दुसऱ्याच्या तारेचा एक बारीक तुकडा घ्या, दोघांच्या लांबीचा गुणाकार करा, त्याला त्यांच्या दिशांमधील कोनाच्या कोज्येने गुणा आणि त्यांच्यातील अंतराने भागा. अशा सर्व जोड्यांची बेरीज करून तिला ठरलेल्या स्थिरांकाने गुणले की प्रवर्तकत्व मिळते. या कृतीत पहिले कोणते आणि दुसरे कोणते याने काहीच बदलत नाही, कारण तुकडा ‘अ’पासून तुकडा ‘ब’पर्यंतचे अंतर आणि ‘ब’पासून ‘अ’पर्यंतचे अंतर एकच असते. प्रवाह तर या सूत्रात कुठे येतही नाही. विद्यार्थ्याला मी हे सूत्र आधी दाखवायला हवे होते.

जाता जाता एक गोष्ट सांगावीशी वाटते. मायकेल फॅरडे यांनी २९ ऑगस्ट १८३१ रोजी ज्या कड्यावर हा परिणाम प्रथम पाहिला, ते मऊ लोखंडाचे, सहा इंच बाहेरील व्यासाचे कडे होते आणि त्याच्या दोन बाजूंना तांब्याच्या तारेची दोन वाइंडिंग होती. तेव्हा एनॅमलची तार नव्हती, त्यामुळे वेढे एकमेकांना चिकटू नयेत म्हणून त्यांनी मध्ये सुतळी आणि साधे सुती कापड घातले होते. आपल्या कापसाच्या मुलखातल्या वर्गात मी हे सांगतो तेव्हा मुले कान टवकारतात. एका वाइंडिंगला बॅटरी जोडताना दुसऱ्याच्या तारेजवळची चुंबकसुई हलली, प्रवाह स्थिर असताना ती जागेवर परतली, आणि बॅटरी तोडताना उलट्या दिशेने हलली. सुई मधल्या काळात स्वस्थ राहिली, यात सगळे मर्म आहे : प्रवर्तकत्व त्या वेळीही होतेच, फक्त प्रवाह बदलत नव्हता.

निवृत्त_उपकेंद्र (भुसावळ)

चर्चा चांगली चालली आहे, म्हणून युग्मन गुणांकाविषयी लिहितो. अन्योन्य प्रवर्तकत्वाला दोन्ही स्वयंप्रवर्तकत्वांच्या गुणाकाराच्या वर्गमुळाने भागले की युग्मन गुणांक मिळतो. तो शून्य ते एक यांच्या दरम्यान असतो. एकापेक्षा जास्त असता, तर सरांनी सांगितलेली साठलेली ऊर्जा काही प्रवाहांसाठी ऋण झाली असती, आणि ते शक्य नाही.

शेतावरच्या डीपीत, म्हणजे वितरण रोहित्रात, हा गुणांक एकाच्या अगदी जवळ असतो, कारण दोन्ही वाइंडिंग एकाच लोखंडी पायावर एकात एक बसवलेली असतात. तो अगदी एक झाला तर रोहित्र परिपूर्ण होईल, असे नव्या अभियंत्यांना वाटते. मला तसे वाटत नाही. १०० केव्हीएच्या, ११ केव्ही ते ४३३ व्होल्टच्या रोहित्राचा पूर्ण भाराचा प्रवाह ४३३ व्होल्टच्या बाजूला सुमारे १३३ अँपिअर असतो आणि त्याचा संरोध (इम्पीडन्स) साधारण ४.५ टक्के असतो, ज्याचा मोठा हिस्सा दोन वाइंडिंगांपैकी एकीलाच वेढणाऱ्या, दुसरीपर्यंत न पोहोचणाऱ्या फ्लक्समुळे येतो. उन्हाळ्याच्या वावटळीत डीपीजवळच्या तिन्ही फेजच्या तारा एकमेकींवर आपटल्या, तर प्रवाह पूर्ण भाराच्या बावीस पटीच्या आसपास, म्हणजे तीन हजार अँपिअरच्या खाली थांबतो, तो याच गळतीमुळे. ही गळती नसती, तर त्या क्षणी वाइंडिंगवर येणारे यांत्रिक बल कॉइलच्या आधारांना पेलले नसते. रचनाकार ती गळती वाइंडिंगांतील मोकळ्या फटीने मोजूनमापून ठेवतो.

केळीपट्टा (रावेर)

नाना, एक अनुभव विचारतो. आमच्या केळीच्या बागेशेजारून दोन फीडरच्या लाइनी काही अंतर समांतर जातात. एक फीडर बंद असताना वायरमनने तिच्या तारेला टेस्टर लावला, तर टेस्टर लागला. तो म्हणाला, शेजारच्या लाइनचे इंडक्शन आहे. हे तेच अन्योन्य प्रवर्तन का?

निवृत्त_उपकेंद्र (भुसावळ)

भाऊ, अंशतः. बोलीत दोन्हींना ‘इंडक्शन’ म्हणतात, पण ती दोन वेगळी कारणे आहेत आणि माणसाच्या जिवाशी गाठ असल्याने ती वेगळी ओळखलीच पाहिजेत.

टेस्टरने दाखवलेला दाब बहुधा विद्युत क्षेत्रामुळे येतो : चालू तार, मधली हवा आणि बंद तार मिळून एक कपॅसिटर तयार होतो. हा दाब शेजारच्या लाइनच्या व्होल्टेजवर अवलंबून असतो, तिच्यावर भार असो वा नसो. बंद तार एका ठिकाणी नीट अर्थ केली की तो उतरतो.

दुसरे कारण अन्योन्य प्रवर्तन, आणि ते शेजारच्या लाइनमधील प्रवाहावर अवलंबून असते. इथे कुंतल दिसत नाही, पण तार, दोन टोकांचे अर्थिंग आणि मधली जमीन मिळून एक लांबट वेढा होतोच. तिन्ही फेजचे प्रवाह समतोल असतील, तर त्यांचे परिणाम बहुतांशी एकमेकांना नाहीसे करतात. परंतु शेजारच्या लाइनवर एक फेज जमिनीला लागली आणि प्रवाह जमिनीतून परतू लागला, तर हिशेब बदलतो. साधारण जमिनीत, पाच मीटर अंतरावरच्या दोन तारांचे अन्योन्य प्रवर्तकत्व किलोमीटरला सुमारे एक मिलिहेन्री धरता येते. ५० हर्ट्झला १०० अँपिअर प्रवाह असेल, तर दर किलोमीटरला तीसहून अधिक व्होल्ट झाले. पाच किलोमीटर समांतर गेलेल्या तारेवर दीडशेच्या पुढे. हा दाब एका टोकाच्या अर्थिंगने जात नाही, तो दुसऱ्या टोकावर जसाच्या तसा उभा राहतो. म्हणून जिथे माणूस काम करतो त्या जागेच्या दोन्ही बाजूंना अर्थिंग रॉड लावल्याशिवाय तारेला हात लावू नये. हे मी प्रत्येक वायरमनला सांगत आलो आणि इथेही सांगतो.

आमच्या भुसावळच्या लोहमार्गावर २५ केव्हीचा एकच फेज असतो आणि परतीचा प्रवाह रूळ व जमीन यांतून जातो, त्यामुळे समांतर जाणाऱ्या दूरसंचार तारांना हाच त्रास होतो. त्यावर बूस्टर ट्रान्सफॉर्मर हा उपाय आहे : एकास एक वेढ्यांचे रोहित्र परतीचा प्रवाह जमिनीतून ओढून वरच्या परतीच्या तारेत आणते, जाणारा आणि येणारा प्रवाह जवळजवळ राहतात आणि शेजारच्या तारेवरचा परिणाम वजा होतो. एक अन्योन्य प्रवर्तन आवरण्यासाठी दुसरे कामाला लावलेले आहे.

तारेचा_कारागीर (चोपडा)

सर, आपल्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाची मी आणि माझ्या मुलाने रविवारी दुकानात मोजणी केली.

११० मिलिमीटरच्या पीव्हीसी पाइपवर २२ गेजच्या तारेचे १०० वेढे एकाच थरात घातले. त्यांची रुंदी पावणेआठ सेंटिमीटर झाली. ४० मिलिमीटरच्या पाइपच्या तुकड्यावर २४ गेजचे ३०० वेढे पाच थरांत, चार सेंटिमीटर रुंदीत घातले. छोटा तुकडा मोठ्याच्या आत मधोमध, दोन्ही अक्ष एका रेषेत येतील असा दोऱ्याने टांगला. लोखंड जवळ ठेवले नाही. बारा व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर चार हात लांब ठेवला, कारण जवळ ठेवल्यावर त्याच्याच विखुरलेल्या फ्लक्समुळे मीटर आधीच काही मिलिव्होल्ट दाखवत होता.

रिओस्टॅटने मोठ्या कॉइलमध्ये बरोबर एक अँपिअर आणला : छोट्या कॉइलवर १२४ मिलिव्होल्ट आले. मग तारा बदलून छोट्या कॉइलमध्ये एक अँपिअर सोडला : मोठ्या कॉइलवर १२३ मिलिव्होल्ट. वेढे शंभर आणि तीनशे, तारेचा गेज वेगळा, व्यास वेगळे, आणि आकडा तोच. मुलाने तीन वेळा तारा अदलून-बदलून पाहिले.

पांझराकाठ (धुळे)

भाऊ, फार मोलाचे काम केलेत. ५० हर्ट्झला व्होल्टेज भागिले प्रवाह भागिले ३१४ (२π गुणिले ५०) केले की ०.३९ मिलिहेन्री येतात. मी कागदावर मोठ्या कॉइलच्या केंद्रातले क्षेत्र छोटीच्या सर्व वेढ्यांवर एकसारखे धरून हिशेब केला, तर ०.४१ आले, छोटीच्या दोन्ही कडांचे वेढे केंद्रापासून दूर आहेत आणि तिथले क्षेत्र थोडे क्षीण आहे, म्हणून प्रत्यक्ष आकडा किंचित कमी आहे, हे अगदी योग्य वाटते.

एक विनंती. टांगलेली छोटी कॉइल दोऱ्यावर हळूहळू फिरवून पाहावी. अक्ष ६० अंशांनी फिरला की वाचन निम्म्याच्या आसपास यावे आणि काटकोनात जवळपास शून्य.

तारेचा_कारागीर (चोपडा)

फिरवून पाहिली, सर. मुलाने कोनमापक पुठ्ठ्यावर चिकटवून पाइपच्या तोंडाशी धरला. साठ अंशांवर ६३ मिलिव्होल्ट आले. नव्वदवर २ मिलिव्होल्ट राहिले, ते दोन्हीकडे थोडे फिरवूनही पूर्ण गेले नाहीत. कनेक्शनच्या तारा पाइपबाहेर सैल वेढा करून पडल्या होत्या, त्या एकमेकींभोवती पिळल्यावर ते अर्ध्या मिलिव्होल्टवर आले. नव्वदच्या पलीकडे गेल्यावर वाचन पुन्हा वाढू लागले. मीटर दिशा दाखवत नाही, म्हणून मुलाने दोन्ही कॉइल एकापुढे एक जोडून एलसीआर मीटर (प्रवर्तकत्व मोजणारा) लावला : सरळ स्थितीत एकूण प्रवर्तकत्व सर्वांत जास्त, काटकोनात मधले, आणि छोटी कॉइल पूर्ण उलटी फिरवल्यावर सर्वांत कमी. सरळ आणि उलट यांतला फरक १.५६ मिलिहेन्री आला; सरळ स्थितीत अन्योन्य प्रवर्तकत्व दोनदा मिळवले जाते आणि उलट स्थितीत दोनदा वजा होते, म्हणून त्याचा चौथा भाग ०.३९. पाइपच्या कडेवर त्याने शून्याच्या जागी लाल एनॅमलचा ठिपका दिला आहे, आणि ती जोडी आता दुकानातल्या फळीवर ठेवली आहे.